खोगीर आणि खोगीरभरती

गेल्या पावसाळ्याच्या आरंभीं धान्याच्या कामासाठीं मार्केट यार्डांत गेलों असतां, तेथील रस्त्यावर एका भंगारवाल्याच्या काट्यावर आम्हांस रिकिबींची एक जुनी जोडी व खोगिराचा लाकडी सांगाडा दिसला. समोर हरभऱ्याचीं पोतीं उतरत होतीं. इकडे हरभरा खाणाऱ्याचा साज लोखंडाच्या भावानें चालला होता. कातडें व भरती कोठें आहेत असें विचारतां तो म्हणाला, “ती घाण कोण घेणार, साहेब? फाडून टाकली.”

जुन्या स्वारी-सामानाचा संग्रह करणारे पुष्कळ सज्जनही असेंच वागतात. रिकीब घांसून चकचकीत करावी, लगामाची कडी भिंतीस टांगावी, आणि नमदा व भरती किडीचें घर म्हणून उकिरड्यावर घालावीं! आमच्या मतें हा संग्रह नव्हे, निवडक भंगार होय.

आपल्या भाषेनें ‘खोगीरभरती’ हा शब्द निरुपयोगी गोष्टींस लावून त्या बिचारीवर मोठाच अन्याय केला आहे. स्वाराचा भार घोड्याच्या कण्यावर न पडतां दोहों बाजूंच्या बरगड्यांवर पडावा, ही करामत बरीचशी भरतीची. तिचे गोळे झाले कीं पाठ सोलते, आणि पाठ सोललेला घोडा म्हणजे पायउतार झालेला स्वार. मोहिमेंत घोडा वाळला कीं खोगीर नीट बसत नाहीं. म्हणूनच इंग्रजी फौजेच्या १९१२ च्या नमुन्यांत बाजूच्या फळ्या हलत्या ठेविल्या होत्या. मराठी फौजेंत शिलेदाराचा घोडा व साज स्वतःचा असे, बारगिरास तो पागेंतून मिळे. असें एखादें खोगीर कितीदां व कशानें दुरुस्त झालें, हें त्याच्या टांक्यांवरून वाचतां येतें. पितळेवरून येत नाहीं.

१८१७ सालीं उभा राहिलेला पूना हॉर्स हा रिसाला आज रणगाड्यांवर आहे. घोडा उरला तो नांवांत. कै. दिनकर केळकर यांनीं गांवोगांव हिंडून दिवे, अडकित्ते, दौती अशा घरगुती वस्तु जमविल्या व १९७५ सालीं आपलें संग्रहालय महाराष्ट्र सरकारच्या स्वाधीन केलें. त्यांची नजर जशी अडकित्त्यावर ठरली, तशी भरतीवर कोणाची तरी ठरावी. पावसाळ्यांत कातड्यास बुरशी येते, जागाही फार लागते, हें आम्हांस ठाऊक आहे.

ती जोडी आम्हीं घेतली नाहीं. भरती कोठें टाकली एवढेंच विचारलें. त्यानें मागच्या ढिगाकडे बोट दाखविलें. नमद्याचा एक भिजका तुकडा हातीं लागला. त्यावर निरनिराळ्या दोऱ्यांचे तीन जोड होते. तो आम्हीं घरीं आणून सावलींत वाळत घातला.