प्रायव्हेट डेटाची कैफियत

क्लासमधील डेटा मेंबर प्रायव्हेट ठेवावयाचे आणि लागलीच त्यांचे मूल्य बदलण्यासाठी पब्लिक सेटर लिहावयाचा, हा निव्वळ द्राविडी प्राणायाम असून त्यापेक्षा मेंबरच पब्लिक करून मोकळे व्हावे, असे प्रतिपादून एक पंडित अलीकडे विद्यार्थ्यांचा बुद्धिभेद करीत आहेत. सेटरने प्रोग्राम मंदावतो, हा त्यांचा दुसरा आक्षेप. परंतु एवढेसे फंक्शन कंपायलर बहुधा वापराच्या जागीच उतरवून टाकतो. लिहिण्याचे श्रम वाढतात, ही तक्रार केवळ आळसाची आहे.

पहिल्या आक्षेपाचा दोष अधिक खोल आहे. मूल्य बदलता येणे आणि ते वाटेल त्याला वाटेल तसे बदलता येणे, यांतील भेदच त्यांस मान्य नाही. गोवंडीत जन्मलेल्या बालकाची नोंद महानगरपालिकेच्या एम पूर्व विभागाच्या दप्तरी होते. तीत चूक निघाली तर ती अवश्य दुरुस्त होते. मात्र १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियमाच्या कलम १५ अन्वये त्यासाठी निबंधकाची खात्री पटावी लागते, मूळ नोंदीस हात न लावता समासात दुरुस्ती लिहावी लागते, आणि तीवर त्याची सही व तारीख पडावी लागते. दुरुस्ती होतेच, सबब नोंदवही रस्त्यावर मांडून ज्याने त्याने तीत लेखणी चालवावी, असे हे पंडित म्हणतील काय? हीच नोंद प्रोग्राममध्ये आणा. जन्मतारीख पब्लिक असेल, तर ती नोंदणीच्या तारखेनंतरची नसावी ही साधी अट, तीस स्पर्श करणाऱ्या प्रत्येक ठिकाणी, प्रत्येक प्रोग्रामरने, न विसरता तपासली पाहिजे. एकजण विसरला की बालकाच्या शाळाप्रवेशाच्या वेळी उघडकीस येणाऱ्या चुकीचे मूळ सबंध प्रोग्रामभर धुंडाळावे लागते. मेंबर प्रायव्हेट असेल तर अट एका जागी राहते आणि संशयही त्या क्लासपुरताच उरतो. ग्लोबल व्हेरिएबलचे कैवारीही पूर्वी 'आम्ही जपून वापरू' असेच सांगत. त्यांचे प्रोग्राम पुढे ज्यांना सांभाळावे लागले, त्यांना विचारावे.

बदलण्याचा संभव असलेला निर्णय मॉड्यूलच्या आत लपवावा, हे डेव्हिड पार्नास यांनी १९७२ सालीच मांडले. तारीख आज अक्षरांत साठविली आणि उद्या अंकांत, तरी बाहेरची एक ओळही बदलावी लागू नये.

आता आमचा पक्ष. प्रत्येक मेंबरला डोळे मिटून सेटर देऊ नये. नोंदणी क्रमांक कन्स्ट्रक्टरने एकदाच द्यावा. त्यास सेटर नकोच. जन्मतारखेसाठी मात्र पुरावा, निबंधकाचे नाव आणि दिनांक मागून घेणारे, व जुनी नोंद जशीच्या तशी राखणारे दुरुस्तीचे फंक्शन लिहावे.