प्रसूतिरजेचा भार कोणावर?

एखादा कायदा समतेच्या नांवानें मंजूर झाला म्हणजे त्यापासून समताच उत्पन्न होते, ही जी भोळी समजूत आपल्याकडे रूढ आहे तिनें सुधारणेचें जितकें नुकसान केलें आहे तितकें सुधारणेच्या उघड शत्रूंनींहि क्वचितच केलें असेल. कायद्याचा हेतु त्याच्या उद्देशपत्रिकेंत वाचावयास मिळतो. परिणाम पाहावयाचा तर पैसा कोणाच्या खिशांतून जातो व लाभ कोणाच्या दारापर्यंत पोंचतो हें पाहिलें पाहिजे. प्रसूतिरजेच्या कायद्याला ही कसोटी लावून पाहण्याचें आम्हीं आज योजिलें आहे.

१९६१ च्या कायद्यांतील १२ आठवड्यांची भरपगारी रजा २०१७ सालच्या दुरुस्तीनें, पहिल्या दोन अपत्यांपुरती, २६ आठवड्यांची झाली. ता. २१ नोव्हेंबर २०२५ पासून अमलांत आलेल्या सामाजिक सुरक्षा संहितेनें जुना कायदा पोटांत घेतला. पण ही मुदत, आणि हें देणें मालकावर टाकण्याची रीत, तिनें जशीच्या तशी ठेविली. मुदत कमी करा असें म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसणार नाहीं. आईला व अर्भकाला सहा महिने एकत्र राहतां यावें, ही गोष्ट वाद घालण्याजोगीच नाहीं.

परंतु सहा महिन्यांचा पगार ज्याला एकट्याच्या तिजोरींतून द्यावयाचा, तो मालक तरुण विवाहित स्त्रीचा अर्ज कोणत्या नजरेनें वाचील? मोठ्या कारखान्यास हा खर्च फारसा जाणवणार नाहीं. बारा-पंधरा माणसांच्या छापखान्याच्या धन्यास मात्र दोन सारख्या अर्जांतून पुरुषाचा अर्ज उचलण्यास कायद्यानेंच एक कारण पुरविलें आहे. तें कारण तो कधींच बोलून दाखविणार नाहीं, म्हणून तें कोर्टांत सिद्धहि व्हावयाचें नाहीं. ही केवळ आमची कल्पना नव्हे. मालक अशा स्त्रियांना नाकारतात या तक्रारींचा उल्लेख २०१८ सालीं खुद्द श्रममंत्रालयानें केला, आणि १५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या स्त्रियांपुरता सात आठवड्यांचा पगार मालकांस परत देण्याची योजना आंखीत असल्याचें सांगितलें. म्हणजे रोग सरकारला दिसला. तो कायदा करण्यापूर्वीं दिसावयास हवा होता.

आणि तो तेव्हां न दिसण्यास कांहीं सबब नव्हती. वॉशिंग्टन येथील १९१९ च्या आंतरराष्ट्रीय कामगार परिषदेनेंच हें साहाय्य सार्वजनिक निधींतून अथवा विम्यांतून द्यावें असें ठरविलें होतें. १९२८ सालीं मुंबईच्या कायदेकौन्सिलांत गिरण्यांतील स्त्रियांसाठीं असें विधेयक आलें, तेव्हां त्याचा पुरस्कार करितांना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनीं हा भार मुख्यतः सरकारनें वाहावयास पाहिजे हें मोकळेपणानें मान्य केलें होतें. सरकार तो वाहत नाहीं, तर स्त्रीच्या श्रमावर नफा मिळविणाऱ्या मालकानें त्याचा अंश सोसावा, असा त्यांचा युक्तिवाद होता. १९२९ सालीं मुंबईचा कायदा झाला. नाइलाज म्हणून पत्करलेली ती सोय शंभरी गांठावयास आली तरी सरकारचा वांटा कांहीं पुढें येत नाहीं!

दुसरा मार्ग आपल्याच घरांत आहे. राज्य कामगार विम्यांत पुरुष असो वा स्त्री, प्रत्येक कामगारामागें मालक वर्गणी भरतो आणि बाळंतपणाचे पैसे त्या सामाईक निधींतून मिळतात. तेथें स्त्रीला कामावर घेतल्यानें मालकाची एक पैहि अधिक जात नाहीं. पण २०१७ सालीं २१,००० रुपये ठरविलेल्या मासिक पगाराच्या मर्यादेवर गेलेली स्त्री त्या छत्राबाहेर पडते.

येथवर ज्यांना मालक आहे अशा स्त्रियांची गोष्ट झाली. बीड जिल्ह्यांतून ऊसतोडीस जाणाऱ्या बाईचा मालक कोण? नवराबायको मिळून एक कोयता, उचल मुकादमाची, एक दिवस खाडा पडला कीं दंड. कारखाना मुकादमाकडे बोट दाखवितो, मुकादम कारखान्याकडे. २०१९ सालीं या बायकांच्या गर्भाशयांच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला व सरकारला चौकशीसाठीं समिति नेमावी लागली, तेव्हां शहरवासीयांस त्यांची आठवण झाली. २०१३ च्या अन्नसुरक्षा कायद्यानें अशा प्रत्येक गर्भवतीस किमान ६,००० रुपयांचा हक्क दिला. २०१७ च्या मातृवंदना योजनेनें तो पहिल्या अपत्यापुरता आणि ५,००० रुपयांवर आणून ठेविला. २०२२ पासून दुसऱ्या खेपेसहि ६,००० मिळतात, पण मुलगी झाली तरच. दुसऱ्या खेपेस मुलगा झाला तर आईचें अंग दुखत नाहीं असें योजनाकारांस वाटतें काय?

विधेयकामुळें सरकारी तिजोरींतून खर्च होणार असेल तर त्यासोबत आर्थिक ज्ञापन जोडावें लागतें. तिजोरीची एवढी काळजी. पण त्यामुळें कोणत्या वर्गाचें पाऊल मागें पडेल हें लिहून देण्याचें बंधन नाहीं. २०१४ सालच्या विधिपूर्व विचारविनिमयाच्या धोरणांत मूलभूत हक्क व उपजीविका यांवरील परिणामांचा अंदाज प्रसिद्ध करावा असें म्हटलें आहे खरें, पण तें धोरण आहे, कायदा नव्हे. ब्रिटनमध्यें २०१० च्या समता कायद्यानें सार्वजनिक संस्थांवर हा विचार करण्याचें कर्तव्यच घातलें. आमची मागणी याहून लहान आहे: आर्थिक ज्ञापनाप्रमाणें समतेचें ज्ञापनहि प्रत्येक विधेयकास जोडलें जावें. सभागृहाच्या नियमांत एवढी भर घालण्यास नवा कायदा लागत नाहीं, आणि महाराष्ट्राच्या विधिमंडळास त्यासाठीं दिल्लीकडे पाहण्याचेंहि कारण नाहीं.