अर्धवट बसणारा खटका

मे महिन्यात आम्ही सगळे गावी होतो. घरातल्या शादीचा मांडव उतरवायचं काम चाललं होतं. नायलॉनच्या दोरीच्या गाठी उन्हानं घट्ट झाल्या होत्या, सुटता सुटेनात. आपाच्या तेरा वर्षांच्या मुलानं हात पुढे केला, "मामू, तुमचा चाकू द्या ना." आम्ही खिशातला घडीचा चाकू काढून त्याच्या हातावर ठेवला. चाचांनी वीस-बावीस वर्षांपूर्वी कुवेतहून आणलेला तो चाकू. आंबे, सुपारी, सुतळी, औषधाची पाकिटं, सगळं त्यानंच कापलं जायचं.

पोरानं गाठीत टोक खुपसलं आणि जोर लावला. पात्याच्या पाठीवर दाब आला, खटका सुटला आणि पातं त्याच्या बोटांवर मिटलं. तर्जनी आणि मधलं बोट कापलं. तालुक्याच्या दवाखान्यात चार टाके पडले, धनुर्वाताचं इंजेक्शन झालं. अल्लाहचे आभार, दोन्ही बोटं वाकत होती.

परत येताना रिक्षात त्यानं विचारलं, "मामू, हा चाकू असा आहे हे तुम्हाला माहीत होतं?"

माहीत होतं. त्याआधी दोन महिन्यांत खटका दोनदा घसरला होता. आमच्या हाताला त्याची सवय झाली होती. आम्ही बोटं जरा मागे ठेवून धरायला शिकलो होतो, आणि चाकू दुसऱ्याच्या हातात देताना तेवढंच सांगायचं राहिलं होतं. आपा शेजारी बसली होती. ती काहीच बोलली नाही, आणि तेच आम्हाला जास्त लागलं.

म्हणून या महिन्याचं पान या खटक्यासाठी. घडीचा चाकू बहुतेक घरांत असतो, पण त्याचा खटका कधी कुणी तपासत नाही.

सर्वात आधी आपल्या चाकूला खटका आहे का, ते पाहा. पुष्कळ चाकूंना तो नसतोच. उघडताना "टक्" असा आवाज येतो, पण तो पाठीतल्या कमानीचा असतो. ती कमान पातं नुसतं धरून ठेवते, अडवत नाही. खिशात मावणाऱ्या लाल स्विस चाकूंपैकी बहुतेकांचं मोठं पातं असंच कमानीवर उभं असतं. अशा चाकूत दोष काही नाही. तो फक्त समोर दाबून कापण्यासाठी आहे. टोचायला, उचकटायला किंवा पिळायला नाही.

खरा खटका तीन-चार प्रकारांत दिसतो. पहिल्यात मुठीच्या आत एका बाजूला पातळ पोलादी पट्टी असते. पातं पूर्ण उघडलं की ही पट्टी आपोआप सरकून पात्याच्या बुडाशी आडवी येते. मिटताना ती अंगठ्यानं बाजूला ढकलावी लागते. आमचा चाकू याच जातीचा. दुसऱ्यात मुठीच्या पाठीवर एक दांडी असते आणि ती पात्याच्या खाचेत बसते. मिटताना दांडी दाबायची. तिसऱ्यात मुठीच्या तोंडाशी फिरणारं कडं असतं. फ्रान्समधल्या सॅव्हॉय भागात १८९० च्या सुमारास ओपिनेल नावाचा लाकडी मुठीचा चाकू बनू लागला. त्याला असं कडं १९५५ साली बसवलं गेलं. त्याआधीची पासष्ट वर्षं लोक तो खटक्याविनाच वापरत होते. आणि चौथा, सिनेमामुळे सगळ्यांना ठाऊक असलेला रामपुरी. त्याचा खटका पडद्यावर जेवढा वाजला, तेवढा दुसऱ्या कुठल्याच चाकूचा वाजला नसेल.

खटका बिघडतो त्याची कारणं साधी असतात. खिशातला कापसाचा भुगा, फळांचा रस, माती आत जाऊन बसते. आपल्याकडे त्यात फणसाच्या चिकाची भर. हा थर पट्टीच्या किंवा दांडीच्या वाटेत आला की खटका "टक्" वाजतो, पण पूर्ण बसत नाही. दुसरं कारण, पातं ज्या स्क्रूवर फिरतं तो सैल होणं. तिसरं कारण झीज. आणि चौथं आपणच: एका हातानं झटका देऊन पातं उघडायची मुलांची हौस. दर झटक्याला पात्याचं बूड आतल्या अडणीवर आपटतं आणि सांधा लवकर खिळखिळा होतो.

आता तपासणी. चाकू उघडून उजेडात धरा आणि मुठीच्या आत पाहा. पट्टी पात्याच्या बुडामागे नीट आडवी आलेली दिसली पाहिजे. ती नुसती कडेला, नखाएवढी टेकली असेल तर ती घसरणार. उलट ती पार पलीकडच्या भिंतीला जाऊन भिडली असेल तर चाकू झिजलेला आहे. दांडीच्या चाकूत दांडी पाठीशी सपाट बसली पाहिजे. वर उचललेली राहिली तर खाचेत घाण आहे. मग पातं हलक्या हातानं हलवून बघा. डावी-उजवीकडे हलत असेल तर बहुधा स्क्रू सैल आहे. मिटण्याच्या दिशेनं, म्हणजे वर-खाली हलत असेल, तर दोष खटक्यातच आहे, आणि तो गंभीर आहे.

सफाई अशी करावी. आधी धारेवर जाड पुठ्ठा ठेवून चिकटपट्टी गुंडाळा. हे केल्याशिवाय पुढचं काहीच करू नका. चीक असेल तर त्यावर खोबरेल तेल लावून पाच-दहा मिनिटं ठेवा. फणस कापताना हाताला तेल लावतो, तेच इथे. मग कोमट साबणाच्या पाण्यात जुन्या टूथब्रशनं सांधा आणि खटक्याची जागा घासा, कोपऱ्यातला मळ लाकडी काडीनं काढा. तेलाचा अंश राहू देऊ नका. पुसून पूर्ण वाळवा. शेवटी शिलाई मशीनच्या तेलाचा एकच थेंब, तोही पातं फिरतं त्या स्क्रूपाशी. पट्टी जिथे पात्याला टेकते तिथे तेल अजिबात नको. तिथला ओशटपणाच खटका घसरवतो. स्क्रूचं डोकं चांदणीच्या आकाराचं असेल तर तो पेचकस मोबाइल दुरुस्तीवाल्याकडे मिळतो. पातं अडखळणार नाही पण हलणारही नाही, इतकंच आवळावं.

मग परीक्षा. पुठ्ठा तसाच ठेवून पातं उघडा. मूठ दोन्ही बाजूंनी चिमटीत धरा, बोटं पात्याच्या वाटेत येऊ देऊ नका. पात्याची पाठ घडी केलेल्या टॉवेलवर टेकवून हळूहळू दाब वाढवा. असं दहा वेळा. काही लोक पाठ टेबलावर आपटून बघतात. तसं करू नये, चांगला खटकाही त्यानं बिघडतो. दहांत एकदा जरी घसरला, तरी चाकू नापास. नऊ वेळा टिकला म्हणून त्याला पास करू नका.

आमचा चाकू सफाईनंतरही तिसऱ्या दाबाला मिटला. आम्ही तो बाजारात शिकलगाराकडे नेला. शिकलगार हे आडनाव आपल्यात पुष्कळांचं आहे. मूळ शब्द सैकल, म्हणजे हत्याराला झिलई देणं. तलवारींना पाणी चढवणाऱ्यांचा हा पिढीजात धंदा. बकरी ईद जवळ आलेली, त्यांच्याकडे सुऱ्यांचा ढीग लागलेला. त्यांनी चाकू उघडला, मिटला, पुन्हा उघडला आणि म्हणाले, "पट्टी ठोकून वाकवून देऊ शकतो. आठ-पंधरा दिवस चांगली बसेल. तेवढ्यात तुमचा विश्वास बसेल आणि मग ती पुन्हा सुटेल. हे काम मी नाही करत."

आम्हाला जे कळायला चार टाके लागले, ते त्यांनी तीन वाक्यांत सांगितलं. खटका नसलेला चाकू माणसाला सावध ठेवतो. चांगला खटका हाताला आधार देतो. अर्धवट बसणारा खटका मात्र आवाज करून भरवसा देतो आणि ऐन वेळी तो मोडतो. बाजारात माल विकताना त्यातला दोष लपवू नये, हे आपण लहानपणापासून ऐकत आलो. मग घरच्या पोराच्या हातात वस्तू देताना तो सांगायला नको का? शिडीची सैल पायरी, गॅसचा चिरलेला पाइप, शॉक देणारी इस्त्री... "आपल्याला माहीत आहे" एवढ्यावर आपण चालवून नेतो आणि दुसऱ्याला सांगत नाही.

ईदच्या निमित्तानं आणखी एक गोष्ट. गोश्ताच्या कामाला घडीचा चाकू घेऊ नका, खटका कितीही पक्का असो. चरबी आणि रक्त सांध्यात शिरतं, मूठ निसटती होते, आणि आतून तो नीट धुताही येत नाही. त्या कामाला एकसंध सुरीच हवी. बोट कापलंच तर स्वच्छ कापडानं घट्ट दाबून हात वर धरा. दहा मिनिटं मध्ये उघडून बघू नका. हळद, कॉफी काही भरू नका. बोट वाकत नसेल, बधिर वाटत असेल किंवा रक्त थांबत नसेल, तर उशीर न करता दवाखाना गाठा.

रात्री चाचांना फोन केला. त्यांची भेट होती, सांगायला जीव धजत नव्हता. त्यांनी आधी विचारलं, "पोराचा हात कसा आहे?" मग म्हणाले, "चाकूचं काय घेऊन बसलास? फेकून दे."

फेकवला नाही. आम्ही पुन्हा शिकलगाराकडे गेलो आणि धार काढून टाकायला सांगितली. आयुष्यभर हत्यारांना धार लावणाऱ्या त्या माणसानं दगडावर ती घासून बोथट केली आणि पैसे घेतले नाहीत. आता तो चाकू कपाटात असतो आणि फक्त पाकिटं उघडतो. भाच्याला ईदीत नवा, खटक्याविना साधा चाकू द्यायचं ठरलं आहे. पण आधी त्याच्या अम्मीला विचारून.