युगान्ताचें पंचांग

गेल्या सुटींत गोंदिया जिल्ह्यांतील कामठा गांवीं आमचा मुक्काम असतां आमचे एक जुने विद्यार्थी भेटावयास आले. धर्मानें ख्रिस्ती, पेशानें शिक्षक. मुलीला बी.एड्.स घालावें कीं नाहीं, हा त्यांचा प्रश्न. अडचण पैशाची असावी असें आम्हांस वाटलें. पण ते म्हणाले, "सर, दिवस थोडे राहिले म्हणतात, मग फी भरून काय करायचें?" आणि पिशवींतून एक पुस्तिका काढून त्यांनीं आमच्या हातीं दिली. तींत युद्धें, भूकंप व महामाऱ्या यांचा हिशेब मांडून ख्रिस्ताचें पुनरागमन दारांत येऊन ठेपलें आहे असें ठरविलें होतें. ज्यास ही मांडणी मान्य नाहीं तो ख्रिस्तीच नव्हे, असा शेवटीं शेराही होता.

त्या शेऱ्याविषयीं आम्हांस बोलावयाचें आहे. आम्ही ख्रिस्ती नव्हों. पण इतिहास शिकविण्यांत आमचें आयुष्य गेलें आहे, आणि ही पुस्तिका मोठा अन्याय करते तो ख्रिस्ती इतिहासावरच.

ख्रिस्त पुन्हा येणार व न्याय होणार, एवढें बहुतेक सर्व ख्रिस्ती पंथ मानतात. वाद आहे तो 'प्रकटीकरण' ग्रंथाच्या विसाव्या अध्यायांतील हजार वर्षांच्या राज्याविषयीं. दुसऱ्या शतकांतील जस्टिन मार्टिर हें राज्य प्रत्यक्ष यरुशलेमांत व्हावयाचें असें मानी. पण निराळें मानणारेही सच्चे ख्रिस्ती आहेत, हें तोच कबूल करतो. पांचव्या शतकांत ऑगस्टीनानें हजार हा आंकडा लाक्षणिक ठरविला. तें राज्य म्हणजे ख्रिस्तमंडळीचा चालू काळच, असें त्याचें मत पश्चिमेकडील चर्चनें शतकानुशतकें उचलून धरलें. एकोणिसाव्या शतकांतील पुष्कळ मिशनऱ्यांची समजूत आणखी वेगळी: सुवार्तेच्या प्रसारानें जग सुधारत जाईल आणि त्या सुवर्णयुगानंतर ख्रिस्त येईल. १८१३ सालीं मुंबईस उतरलेल्या गॉर्डन हॉलनें न्यूएलसह साठ कोटी लोकांच्या धर्मांतराचा विचार मांडणारें पुस्तक लिहिलें, तें अशाच आशेच्या दिवसांत. पुस्तिकेंतील क्रम, म्हणजे आधीं भक्तांचें अकस्मात् वर उचललें जाणें, मग सात वर्षांचें संकट, मग राज्य, हा मात्र जॉन नेल्सन डार्बीनें १८३० नंतर प्रचारांत आणला आणि स्कोफील्डच्या १९०९ च्या सटीप बायबलानें घरोघर नेला. दोनशें वर्षांचें मत दोन हजार वर्षांचें म्हणून खपविणें यास आम्ही श्रद्धा म्हणत नाहीं.

तारखांची गोष्ट तर विचारूंच नये. तो दिवस व ती घटका पुत्रासही ठाऊक नाहीं, असें शुभवर्तमानांत स्पष्ट असतां अमेरिकेंत विल्यम मिलरच्या अनुयायांनीं २२ ऑक्टोबर १८४४ हा दिवस नेमला. कित्येकांनीं शेतांतलीं पिकें तशींच उभीं सोडलीं. दुसऱ्या एका पंथानें पुढें १९२५ कडे बोट दाखविलें. पिकें सोडणाऱ्यांच्या घरीं त्या हिवाळ्यांत काय शिजलें असेल?

आमचे सुशिक्षित वाचक येथें हसतील, तर त्यांनीं १९६२ चा फेब्रुवारी आठवावा. अष्टग्रहीच्या धास्तीनें देशभर यज्ञ झाले, आणि त्यांस वर्गणी देणारे सगळेच अडाणी नव्हते.

शिवाय पुनरागमनाची वाट पाहणारा माणूस हातपाय गाळतो, हेंही खरें नाहीं. १८९६-९७ च्या दुष्काळांत पंडिता रमाबाई आमच्याच मध्यप्रांतांत येऊन निराधार मुलींना घेऊन गेल्या. केडगांवच्या मुक्तिसदनांत १९०५ सालीं प्रार्थनेची मोठी लाट उसळली. अशा जागृतीस पुनरागमनापूर्वींचा शेवटचा पाऊस समजणारे त्या काळीं अनेक होते. तरीही केडगांवीं मुली वाचावयास शिकत होत्या, विणत होत्या, छापखाना चालवीत होत्या. बाई स्वतः हिब्रू व ग्रीक शिकून बायबलाचें मराठी भाषांतर करीत राहिल्या, तें १९२२ त डोळे मिटेपर्यंत. तें छापून निघालें १९२४ त. जग उद्यां संपणार असें मानून कोणी हिब्रूचें व्याकरण घोकत बसत नाहीं.

हें सारें आम्ही त्या गृहस्थांना सांगितलें. त्यांनीं पुस्तिका पुन्हा पिशवींत घातली आणि मुलीच्या अर्जाला कोणते दाखले लागतात, तें विचारूं लागले. मुदतीला आठ दिवस उरले होते.