काम देतां, मग शिकवणूकहि मागा

शिरूर व दौंड या दोन तालुक्यांत पाटाचें पाणी आलें, ऊंस आला, पुणें-नगर व पुणें-सोलापूर हे दोन्ही रस्ते रुंद झाले, आणि त्यांच्या पाठोपाठ शेतकऱ्याच्या घरावर स्लॅब पडला. ही गोष्ट आनंदाची आहे. ज्या घरांत पूर्वीं एक बाज व भिंतीला एक फळी एवढेंच लांकडी सामान होतें, तेथें आज दिवाण आहे, कपाट आहे, स्वयंपाकघरांत ट्रॉल्या आहेत. मुलीच्या लग्नांत पलंग, कपाट व ड्रेसिंग टेबल गेलें नाहीं तर व्याही तोंड फिरवितो. (या चालीविषयीं आम्हांस पुष्कळ बोलावयाचें आहे, पण तें दुसऱ्या वेळीं.) तेव्हां लांकडाचें काम कमी झालें असें कोणी म्हणूं नये. काम वाढलें. मग आमच्या गांवचा सुतार कोठें गेला? आणि त्याचा मुलगा रांजणगांवच्या कारखान्याच्या फाटकाबाहेर ठेकेदाराच्या यादींत आपलें नांव शोधीत कां उभा आहे?

नव्या बंगल्याचें फर्निचर करणारा कारागीर बहुधा राजस्थानचा किंवा उत्तर प्रदेशचा असतो. त्याच्याविषयीं आमच्या मनांत तिळमात्र आकस नाहीं. तो पोटासाठीं मुलूख सोडून आला, रात्रीं भुशावर पथारी टाकून निजतो, आणि काम चोख करून देतो. त्याच्या नांवानें खडे फोडणारे पुढारी आहेत; त्यांची ती मतांची मशागत होय, तिच्याशीं आम्हांस कर्तव्य नाहीं. आम्ही एवढेंच विचारतों कीं तो हा धंदा कोठें शिकला? चुलत्याच्या किंवा मामाच्या हाताखालीं. आधीं पॉलिशपेपर घासला, मग सनमायका चिकटविला, मग बिजागऱ्या व चॅनेल बसविले, आणि कांहीं वर्षांनीं माप घेण्याची पट्टी त्याच्या हातीं आली. त्याच्या मालकाला शिकविण्याची सक्ती कोणत्याहि कायद्यानें केली नव्हती, ती नात्यानें केली होती. आमच्याकडे तें नातें तुटलें, आणि त्याच्या जागीं दुसरें कांहींच आलें नाहीं. खरें दुखणें हें आहे.

असें शिक्षण आमच्याकडेहि होतें. बारा बलुत्यांत सुतार थोरल्या ओळीचा मानकरी. नांगर, कुळव, पाभर, गाडीचीं चाकें, दारें-खिडक्या हें त्याचें काम, आणि सुगीला खळ्यावर त्याचा वांटा. पोरगा बापाजवळ बसून वाकस धरावयास शिके. परंतु ती व्यवस्था पुन्हां आणा असें म्हणणाऱ्यांपैकीं आम्ही नव्हे. ती शाळा एकाच जातीच्या पोराला उघडी होती, आणि त्या पोराला दुसरी कोणतीहि शाळा उघडी नव्हती. सुताराच्या पोरानें सुतारच व्हावें, आणि ज्यांना अस्पृश्य ठरविलें त्यांच्या पोरानें रंध्याला हातहि लावूं नये, असा तो कारभार. शाहू छत्रपतींनीं १९१८ सालीं आपल्या संस्थानांत बलुतेंपद्धति रद्द केली ती उगाच नव्हे. शिवाय काळहि कोणासाठीं थांबत नाहीं. १९१० सालीं किर्लोस्करवाडी वसली, तेथून लोखंडी नांगर गांवोगांव गेला, आणि लांकडी नांगर मोडींत निघाला. कर्मवीर भाऊराव पाटील कांहीं काळ तेच लोखंडी नांगर विकीत फिरले, आणि पुढें १९१९ सालीं त्यांनींच रयत शिक्षण संस्था काढून मुलांना कमवा आणि शिका म्हणून सांगितलें. पुढें ट्रॅक्टर आला, बैलगाडीहि गेली. बलुतें मेलें तें बरें झालें. वाईट एवढेंच कीं त्याच्या मढ्याबरोबर शिकवणूकहि जाळली गेली.

सरकारनें कांहींच केलें नाहीं असें आम्ही म्हणत नाहीं. उमेदवारीचा पहिला कायदा इंग्रजांनीं १८५० सालीं केला. तो मुख्यत्वें अनाथ व गरीब मुलांना करारानें मालकाकडे बांधून देण्यासाठीं होता. स्वतंत्र भारतानें १९६१ सालीं शिकाऊ उमेदवारांचा नवा कायदा केला, २०१४ सालीं त्यांत दुरुस्ती केली, आणि २०१९ सालीं नियम बदलले. त्या नियमांप्रमाणें ज्याच्याकडे ठेकेदाराचीं माणसें धरून ३० किंवा अधिक लोक कामाला आहेत, त्यानें शेंकडा २.५ ते १५ या प्रमाणांत उमेदवार घेतलेच पाहिजेत. ४ ते २९ माणसें असणाऱ्यानें घ्यावे कीं न घ्यावे ही त्याची मर्जी.

आतां आपल्या बाजारपेठेंतलें एखादें फर्निचरचें दुकान डोळ्यांपुढें आणा. मालक, त्याचा भाऊ, दोन कारागीर आणि चहा आणणारा एक पोऱ्या. यांत ३० कोठून येणार? म्हणजे ज्या धंद्यांत आमच्या पोरांनीं शिकावें तो धंदा सक्तीच्या बाहेर राहिला. सक्तीखालीं आले ते रांजणगांव व कुरकुंभचे मोठाले कारखाने; ते शीतकपाटें करतात, मोटारी करतात, रसायनें करतात. तेथें पुष्कळदां पोराच्या वांट्याला यंत्रापुढें उभें राहून वर्षभर एकच काम करणें येतें, आणि शेवटीं हातांत एक कागद. त्याला उमेदवार म्हणावें कीं स्वस्त मजूर म्हणावें, हें ज्याच्या घरचा मुलगा तेथें जाऊन आला त्यानें सांगावें.

सरकारी औद्योगिक प्रशिक्षण संस्थांतून सुतारीचा एक वर्षाचा अभ्यासक्रम आहे, आणि तो चांगला आहे. पण वर्षभरांत हात वळतो, धंदा कळत नाहीं. गिऱ्हाइकाशीं बोलणें, अंदाजपत्रक करणें, वांकड्या भिंतीला सरळ कपाट बसविणें हें वर्गांत येत नाहीं. २०२३ च्या सप्टेंबरांत पंतप्रधान विश्वकर्मा योजना निघाली. तींत सुतारासह १८ धंदे घेतले, कांहीं दिवसांचें शिक्षण, रोज ५०० रुपये भत्ता, हत्यारांसाठीं १५,००० रुपये व कमी व्याजाचें कर्ज ठेवलें. तयार सुताराच्या हत्याराला धार लावण्यास ही योजना उपयोगी आहे. नवा सुतार घडविण्याचें काम तिच्यानें होण्यासारखें नाहीं.

तें काम दुकानांतच होणार, आणि दुकानदार तर पोराला उभा करीत नाहीं. कां करीत नाहीं हें त्याला विचारलें म्हणजे तो तीन गोष्टी सांगतो, आणि तीनहि खोट्या नाहींत. पहिली, माल नासतो. प्लायवूडचा एक तक्ता आठ फूट बाय चार फूट, म्हणजे ३२ चौरस फूट. शिकाऊ हातानें एक काप चुकला कीं अर्धा तक्ता वायां, आणि दिवसाचा नफा तेथेंच बुडाला. दुसरी, लिखापढी. करार करा, संगणकावर नोंद करा, हजेरी पाठवा. जो माणूस सही करण्यापूर्वीं पेन झटकून पाहतो त्याला हें डोंगराएवढें वाटतें. तिसरी व खरी भीति अशी कीं, पोरगा शिकला म्हणजे समोरच दुकान थाटील.

पहिल्या भीतीचें औषध सोपें आहे. कारखान्यांचा माल लांकडी पॅलेटांवर व खोक्यांत येतो, तीं मोडकीं पॅलेटें आमच्याकडे जळणांत जातात. त्या लांकडावर पोरानें सहा महिने हात बसवावा. कुसू काढावें, भोक पाडावें, गुण्या लावून कोन पाहावा, खतकसानें रेघ ओढावी. मालाचा दमडीचा तोटा नाहीं. येथें आम्हां शाळामास्तरांनाहि थोडी लाज वाटली पाहिजे. दहावी उतरलेल्या मुलाला आम्ही अपूर्णांक शिकविले असें रजिस्टरांत लिहितों, पण आठ सुतांचा इंच, तर पांच सूत म्हणजे किती, असें दुकानदारानें विचारलें कीं तो छताकडे पाहतो. सुताची पट्टी आणि मिलिमीटरची पट्टी यांचा मेळ घालतां येत नाहीं म्हणून तक्ते नासतात. जोतीरावांनीं १८८२ सालीं हंटर कमिशनपुढें निवेदन केलें, त्यांत खेड्यांतल्या शाळांतून शेतीचें उपयोगी ज्ञान द्या म्हणून मागितलें होतें. त्याला एकशें चाळीस वर्षें उलटलीं, आणि आमच्या शाळेंत अजून पट्टीचा उपयोग समास आंखण्यापुरताच होतो.

तिसऱ्या भीतीचें उत्तर मात्र उपदेशानें देतां येणार नाहीं. शिकलेल्या पोराला जन्मभर बांधून ठेवणें म्हणजे पुन्हां बलुतेंच. जर्मनींत सुतारीची उमेदवारी तीन वर्षांची असते. आठवड्यांतले कांहीं दिवस कारखान्यांत व बाकीचे शाळेंत, आणि शेवटीं उमेदवारानें स्वतः एक वस्तु घडवून परीक्षकांपुढें ठेवावयाची. तेथील मालक धर्मात्मे आहेत म्हणून शिकवितात असें नाहीं. पहिल्या वर्षीं पोरावर जो खर्च होतो तो पुढल्या वर्षांत त्याच्या कामांतून बराचसा परत येतो, आणि उस्तादांच्या मंडळींत राहावयाचें तर शिकविणें ही रीतच पडली आहे. आमच्याकडे मालकाला अशी रीत कोण घालून देणार?

आमचें उत्तर असें कीं, जो काम देतो तो. आणि काम देणारा कोण, हें पाहण्यास लांब जावें लागत नाहीं. पूर्वीं आमचीं पत्रें शेटजी-भटजींकडे बोट दाखवीत, आणि तें योग्यच होतें. आज ग्रामपंचायत कोणाची? सहकारी साखर कारखाना, पतसंस्था, बाजार समिति, दूध संघ, यांच्या खुर्च्यांवर कोण बसतो? आमचेच लोक! त्या खुर्च्या कोणी केल्या एवढें त्यांनीं खालीं वांकून पाहावें. पतसंस्थेची नवी शाखा निघाली कीं काचेचें व लांकडाचें काम पुण्याच्या ठेकेदाराला जातें, उद्घाटनाला पुढारी येतात, बहुजनांच्या उन्नतीवर भाषण होतें, आणि गांवचा पोरगा दाराशीं उभा राहून टाळ्या वाजवितो. शाळेचीं बांकें निविदेनें येतात. त्या निविदेंत लांकूड कोणतें, जाडी किती, रंग कोणता हें सारें असतें, पण हीं बांकें करतांना एका तरी पोराला शिकविलें पाहिजे असें एक वाक्य नसतें. तें वाक्य घालण्यास मुंबईहून परवानगी येईपर्यंत थांबण्याचें कारण नाहीं. ग्रामसभा वर्षांतून निदान चार वेळां भरते. तींत ठराव मांडा, आणि वरच्या कचेऱ्यांकडे पाठवा.

संस्थांची गोष्ट झाली. आतां बंगला बांधणाऱ्या शेतकऱ्याची. त्यालाहि आम्ही मालकच समजतों. धरूं या कीं त्यानें चार लाखांचें फर्निचर दोन महिन्यांत करून घेतलें. २०१९ च्या नियमांत विद्यावेतनाची किमान रक्कम शिक्षणाप्रमाणें दरमहा ५,००० ते ९,००० रुपये ठरली. दहावीच्या मुलाला ६,००० धरले तर दोन महिन्यांचे १२,००० झाले, म्हणजे शेंकडा ३. शिवाय २०१६ सालीं निघालेल्या शिकाऊ उमेदवारी प्रोत्साहन योजनेंत सरकारनें विद्यावेतनाचा चौथा हिस्सा, दरमहा जास्तींत जास्त १,५०० रुपयांपर्यंत, उचलण्याची सोय केली. तो वजा जातां ९,००० उरतात. वास्तुशांतीच्या मांडवाला याहून अधिक लागतात. ठेकेदाराशीं भाव ठरवितांना शेतकऱ्यानें एवढेंच म्हणावें, "दादा, तुमच्या भावांत हे नऊ हजार घाला, पण आमच्या तालुक्याचा एक मुलगा हाताखालीं घ्या, कराराचा कागद दाखवा, मगच बयाणा मिळेल." दहा गिऱ्हाइकांनीं असें म्हटलें तर अकराव्याच्या आधीं ठेकेदार पोरगा घेऊनच येईल. व्यापाऱ्याला गिऱ्हाइकाची भाषा लवकर समजते.

एका दुकानांत बारा महिने काम पुरत नाहीं, हें आम्ही जाणतों. म्हणून शिरूरच्या व दौंडच्या दुकानदारांनीं निरनिराळे संघ करावे. एकाकडे सुतारकाम, दुसऱ्याकडे पॉलिश, तिसऱ्याकडे गाद्या-सोफ्याचें काम, असें पोर फिरवावें. लहान मालकांचे करार व नोंदी सांभाळण्यासाठीं मध्यस्थ संस्थेची सोय सरकारी योजनेंत आहे. तिचा उपयोग करावा. आणि राहिली संगणकाची लिखापढी. ती आमच्यासारख्या शाळामास्तरांनीं करून द्यावी. शनिवारीं दुपारीं शाळा सुटल्यावर दोन तास एवढें तें काम आहे, आणि त्यासाठीं कोणी पैसे घेऊं नयेत.

आईबापांनींहि डोळे मिटून पोराला स्वाधीन करूं नये. १४ वर्षांच्या आंतील मुलाला उमेदवार करतां येत नाहीं, आणि धोक्याच्या धंद्यांत १८ पुरीं लागतात. गोल करवत फळी आणि बोट यांत भेद करीत नाहीं. यंत्रावर जाळी आहे कीं नाहीं हें बापानें स्वतः दुकानांत जाऊन पाहावें. काम करतांना इजा झाली तर भरपाईची जबाबदारी कायद्याच्या १६ व्या कलमानें मालकावर आहे, पण करारच नसेल तर उमेदवार कोण आणि मालक कोण हें सिद्ध करतांना जोडे झिजतात. म्हणून तोंडी बोलीवर जाऊं नये. करारांत कोणत्या महिन्यांत काय शिकविणार हें लिहून घ्यावें. चहा आणणें व गाडी पुसणें हीं त्या यादींत नसावींत.

आणखी एक गोष्ट आम्ही स्पष्ट लिहितों, कारण ती कोणी बोलत नाहीं. पोरें निवडतांना जात पाहिली जाते. सुतार म्हणतो, आमचा धंदा आमच्या पोरांना. मराठा म्हणतो, आमच्या पोरानें काय रंधा मारावा. आणि बौद्धवाड्यांतल्या मुलाला दुकानदार उंबऱ्यावरूनच "जागा नाहीं" म्हणून सांगतो. मुलीचें तर नांवच नको. ज्या गांवच्या ठरावानें उमेदवार घेतला जाईल त्या गांवानें मुलांमुलींचीं नांवें फळ्यावर लिहावीं, मापाची व आंखणीची एक साधी परीक्षा सर्वांसमक्ष घ्यावी, आणि जो किंवा जी उतरेल तिला पाठवावें. नकाशा काढणें, संगणकावर कापणीचा आराखडा मांडणें, पॉलिश, गादीकाम, यांत मुलींनीं मागें राहण्याचें कांहीं कारण आम्हांस दिसत नाहीं.

ज्या ग्रामसभेंत असा ठराव मंजूर होईल तिनें त्याची नक्कल आमच्याकडे पाठवावी. आम्ही ती शब्दशः छापूं. जेथें फेटाळला जाईल तेथील नक्कलहि पाठवावी. विरोधांत कोण बोललें, आणि त्याच्या घरचें फर्निचर कोणत्या ठेकेदारानें केलें, तेंहि सोबत लिहावें.