यंत्राचा ताप आणि घराची झोंप

गेल्या वैशाखांत आमच्या माजघराशेजारच्या खोलींत एक निराळाच पेंच उत्पन्न झाला. धाकट्या बंधूंच्या चिरंजीवांचा संगणक तेथेंच, आणि आमच्या मातोश्रींचें अंथरूणही तेथेंच. प्रोसेसरचें तपमान ८० अंश सेल्सिअसवर गेलेलें पाहून चिरंजीवांनीं धास्ती घेतली व पंखा अहोरात्र पूर्ण वेगानें सोडून दिला. मातोश्रींनीं तीन रात्री कूस बदलण्यांत काढल्या. तक्रार मात्र केली नाहीं, हेंच आम्हांस अधिक लागलें.

मनुष्यास ४० अंश ताप चढला कीं वैद्यास बोलवावें लागतें. सिलिकॉनची प्रकृति तशी नव्हे. इंटेलच्या पुष्कळ प्रोसेसरांची मर्यादा १०० अंशांची असते. एएमडीनें २०२२ सालीं काढलेल्या रायझेन ७००० मालिकेंतील बहुतेकांची ९५. त्या मर्यादेस पोहोंचतांच प्रोसेसर आपण होऊन गति कमी करतो, आणि तरीही उष्णता वाढलीच तर यंत्र स्वतःस बंद करून घेतें. तेव्हां जड कामाच्या वेळीं ८० अंश हें भिण्याचें कारण नाहीं. कांहीं काम नसतां ८० दिसले, तर मात्र धूळ, सैल बसलेला हीटसिंक किंवा वाळलेली थर्मल पेस्ट यांचा शोध घ्यावा. शिवाय पंखा हवा थंड करीत नाहीं, नुसती हलवितो. खोलींतच ३८ अंश असतां प्रोसेसर त्याखालीं उतरावा कसा?

आवाजाचा हिशेब मोठा मौजेचा आहे. पंख्याची गति निम्मी केली तर हवाही निम्मी मिळते. पण आवाज सुमारें १५ डेसिबलांनीं उतरतो, आणि १० डेसिबलांची घट कानास जवळजवळ निम्म्या आवाजासारखी वाटते. म्हणूनच ८० मिलिमीटरच्या पंख्यास जेवढी हवा ओरडून ढकलावी लागते, तेवढी १२० किंवा १४० मिलिमीटरचा पंखा सावकाश फिरून देतो.

आम्हीं वीज बंद करून, पातें बोटानें धरून, मऊ कुंचल्यानें धूळ काढली. हीटसिंकच्या पत्र्यांतून निघालेला थर गोधडीस शोभेल असा होता! नंतर बायॉसमध्यें ६० अंशांपर्यंत पंखा संथ व ८५ ला पूर्ण वेगाचा ठरविला. प्रोसेसरचें तपमान क्षणांत दहा अंशांची उडी घेतें. प्रत्येक उडीसरशी पंखा किंचाळूं लागला तर तें अखंड घरघरीहूनही वाईट. यास्तव वेग बदलण्यास कांहीं सेकंदांचा विलंब ठेवला.

चिरंजीव अजून मधून मधून आंकडा पाहतात. जड कामांत तो ७८ ते ८३ असतो. परवां मातोश्रींनीं आम्हांस हळूच विचारलें, "अरे, तें यंत्र बिघडलें कीं काय?"