मेव्हणे, मोह आणि अस्वल

शिकार बंद झाली, असे तुम्हांला कोणी सांगितले तर मुळीच विश्वास ठेवू नका. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा आला, बंदुका कपाटात गेल्या, दिवाणखान्यातली मुंडकी माळ्यावर गेली, हे सगळे खरे. पण शिकारी कुठे गेला? तो कुठेही गेला नाही. दर रविवारी सकाळी तो आमच्या घरी पोहे खायला येतो. नात्याने तो माझा मेव्हणा लागतो.

आता माझे मेव्हणे हे काही क्रूर गृहस्थ नव्हेत. साखरेच्या डब्यातली मुंगीसुद्धा ते फुंकर मारून बाजूला करतात. बँकेतून निवृत्त झाल्यापासून त्यांनी झुरळावर हात उगारलेला मी पाहिलेला नाही. पण गेल्या मार्चमधल्या एका रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता ते म्हणाले, "भाऊजी, यंदा अस्वल!"

"अस्वल काय?"

"अस्वल पाहायचं. ताडोबाला."

"लोक वाघ पाहायला जातात हो तिकडे."

"तेच तर! वाघ काय, कोणीही पाहतो. आमच्या सोसायटीत तेरा बिऱ्हाडं आहेत. त्यांतल्या अकरांनी वाघ पाहिलाय. बाराव्यांना मोतीबिंदू आहे. तेरावे आम्ही. आता मी वाघ पाहून आलो तर माझा नंबर बारावा. अस्वल पाहिलं तर पहिला!"

पुण्यात माणूस निसर्गाकडे वळतो तो असा.

मग बेत सुरू झाला. जेवणाच्या टेबलावर नकाशा पसरला गेला. मेव्हण्यांनी चंद्रपूर जिल्हा जन्मात पाहिला नव्हता. पण त्यामुळे त्यांच्या आत्मविश्वासाला काडीचाही धक्का बसला नाही. एखादा मुलूख आम्हां पुणेकरांना माहीत नसला, तर तो दोष त्या मुलखाचा असतो. पेन्सिलीने त्यांनी तळ्याभोवती गोल काढला आणि "इथं येणार बघा ते पाण्यावर, साडेपाचला," असे जाहीर केले. अस्वलाला यातले काही कळवलेले नव्हते. लक्ष्मी रस्त्यावरून खाकी टोपी आली, तुळशीबागेतून शिट्टी आली, आणि कोणा ओळखीच्याकडून तोफेच्या नळीएवढी लेन्स भाड्याने आली. ती खांद्याला लावून मेव्हणे गॅलरीत उभे राहिले, तेव्हा समोरच्या इमारतीतल्या काकूंनी खिडकी लावून घेतली.

यात अस्वलाविषयी माहिती किती, म्हणाल, तर दोन गोष्टी. पहिली, शाळेच्या पुस्तकातली दोन मित्रांची गोष्ट. एक मित्र झाडावर चढतो, दुसरा मेल्याचे सोंग घेतो, आणि अस्वल त्याच्या कानात सल्ला देऊन जाते. दुसरी, लहानपणी पेठेत येणारा दरवेशी. त्याच्याबरोबरच्या अस्वलाच्या नाकात दोरी असे. भीती जावी म्हणून पोरांना त्याच्या पाठीवर बसवत आणि ताईतात घालायला त्याचे केस विकत घेत. मीही बसलो आहे. भीती गेली नाही, खरूज मात्र झाली. त्या अस्वलाची पिल्ले आईपासून तोडून आणतात, नाकात तापलेली सळई घालून भोक पाडतात, दात उपटतात, हे तेव्हा आम्हांला कोणी सांगितले नाही आणि आम्हीही विचारले नाही. देशातले असे नाचणारे शेवटचे अस्वल २००९ साली दोरीतून सुटले. म्हणजे बघा, इतकी वर्षे आम्ही त्याच्या पाठीवर बसलो, पण त्याच्याविषयी आमचे ज्ञान पाठीच्या पलीकडे गेले नाही.

दूर बसून अस्वलाविषयी मत बनवण्याचा हा रोग जुना आहे. जॉर्ज शॉ नावाच्या लंडनच्या प्राणिशास्त्रज्ञाने १७९१ साली आपल्या या अस्वलाला नाव दिले. लांब नख्या आणि दातांची ठेवण बघून त्याला वाटले, हा दक्षिण अमेरिकेतला झाडाला लोंबकळणारा, जगप्रसिद्ध आळशी स्लॉथच! चूक पुढे दुरुस्त झाली, पण इंग्रजीत बिचाऱ्याला अजून 'स्लॉथ बेअर'च म्हणतात. प्रत्यक्षात हे जनावर रात्रभर राबत असते. दगडासारखे घट्ट वारूळ नख्यांनी फोडायचे, फुंकर मारून माती उडवायची, नाकपुड्या मिटायच्या आणि वरच्या मधल्या दोन दातांच्या जागी असलेल्या फटीतून वाळवी सुर्रकन ओढायची. हा आवाज शे-दीडशे मीटरवर ऐकू जातो. बशीतून चहा पिणाऱ्या आमच्या पिढीने तरी याला नावे ठेवू नयेत.

खरे सांगू? जसजसा मी वाचत गेलो, तसतसे मला हे अस्वल ओळखीचे वाटू लागले. दिवसा कपारीत झोपते. झोपमोड झालेली खपत नाही. नजर अधू, पण नाक तिखट. आगाऊ सूचना न देता कोणी दारात आले तर उठून थेट तोंडावर येते. अहो, हे तर मूळचे सदाशिव पेठेतलेच! आणि जो माणूस दुपारी एक ते चार स्वतःच्या दाराची घंटा वाजवू देत नाही, तोच माणूस साडेसातशे-आठशे किलोमीटर प्रवास करून अस्वलाच्या दाराशी जाऊन उभा राहतो. याला काय म्हणावे?

मी हे मेव्हण्यांना म्हणून दाखवले. ते म्हणाले, "आम्ही काय बंदूक घेऊन चाललोय का?"

त्यावर मी त्यांना एका राष्ट्राध्यक्षांची हकिकत सांगितली. १९०२ सालच्या नोव्हेंबरात अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट मिसिसिपी राज्यात काळ्या अस्वलाच्या शिकारीला गेले. मुलूख त्यांना अनोळखी. तो ज्याला तळहातासारखा ठाऊक होता तो वाटाड्या होता होल्ट कॉलियर, जन्माने गुलाम असलेला एक काळा माणूस. अध्यक्षांना अस्वल दिसेना. कॉलियरच्या कुत्र्यांनी एकाला गाठले, तेव्हा त्याने ते बंदुकीच्या दस्त्याने बडवून झाडाला बांधून ठेवले आणि अध्यक्षांना बोलावले: या, बार टाका. बांधलेल्या जनावरावर गोळी झाडणे खिलाडूपणाचे नाही, असे म्हणून अध्यक्षांनी नकार दिला. वर्तमानपत्रात व्यंगचित्र आले, त्यावरून ब्रुकलिनमधल्या एका दुकानदाराने खेळण्यातले अस्वल केले आणि त्याला नाव मिळाले टेडी बेअर. आज घरोघरी पोरे ते कुशीत घेऊन झोपतात. पण पोरांना पुढचे कोणी सांगत नाही. ते अस्वल पार जखमी झाले होते, म्हणून अध्यक्षांनी त्याला ठार करायला सांगितले, आणि ते सुऱ्याने मारले गेले. बार टाकला नाही म्हणून अध्यक्ष दयाळू ठरले, आणि अस्वल मेले ते मेलेच.

"तात्पर्य?" मेव्हण्यांनी विचारले.

"बंदूक नाही म्हणजे शिकार नाही, असं नसतं."

"तुम्ही येताय की नाही, तेवढं सांगा. जिप्सीत एक जागा रिकामी आहे."

मी गेलो. खोटे कशाला बोलू? अस्वल मलाही पाहायचे होते.

एप्रिलच्या शेवटी महाराष्ट्र एक्सप्रेसने नागपूर, तिथून चंद्रपूर, आणि तिथून मोहर्लीचे फाटक. ताडोबात शिकारीला १९३५ सालापासून बंदी आहे आणि १९५५ सालापासून ते राष्ट्रीय उद्यान आहे, अशी माहिती मेव्हण्यांनी गाईडला दिली. गाईड तिथल्याच गावातला विशी-बाविशीचा मुलगा होता. त्याने ती नम्रपणे ऐकून घेतली. मग मेव्हण्यांनी त्याला नकाशावरचा पेन्सिलीचा गोल दाखवला. त्याने तोही नम्रपणे पाहिला आणि जिप्सी उलट्या दिशेला न्यायला सांगितली.

अस्वल तिकडेच होते.

ते पाण्याकडे निघाले होते. पाठीवर एक पिल्लू, आईच्या केसांत मुठी रोवून बसलेले. आमच्या आधी तिथे तीन गाड्या होत्या, आमची चौथी, मागून आणखी दोन आल्या. पाणी आणि अस्वल यांच्यामध्ये सहा गाड्यांची भिंत झाली. कोणी "टिपलं का?" विचारीत होता, कोणी "मला समोरून मिळालं नाही" म्हणून हळहळत होता, कोणी "अजून एक शॉट" म्हणत होता. डोळे मिटून ऐकले असते तर एखाद्या संस्थानिकाच्या हाक्यातच बसलो आहोत असे वाटले असते. शब्द तेच, घाई तीच. फक्त धूर नव्हता.

गाईड हळूच म्हणाला, "साहेब, थोडं मांगं घेऊ जी. पिल्लू हाय पाठीवर. तिले पाण्यावर जाऊ द्या."

मेव्हणे लेन्समधूनच म्हणाले, "थांब रे! पैसे भरलेत आम्ही."

अस्वल दोन पायांवर उभे राहिले. त्याने नाक वर करून आमचा, म्हणजे पेट्रोलचा, अत्तराचा आणि बाकरवडीचा वास घेतला. मग चार पायांवर आले, वळले आणि पाणी न पिता झाडीत निघून गेले. एप्रिलमधल्या चंद्रपूरच्या उन्हात, पाठीवर पोर घेऊन. मेव्हण्यांना त्याच्या पाठीचे बासष्ट फोटो मिळाले.

परतताना गाईड गप्प होता. मीच विचारले, "तुला रे, रोज अस्वल दिसत असेल?" तो म्हणाला, "तुमी लोक अस्वल दिसावं म्हून पैसे देता, साहेब. माही माय मोहफुलं वेचाले जाते, तवा अस्वल दिसू नये म्हून देवाले हात जोडते."

मग त्याने सांगितले. मार्च-एप्रिलमध्ये मोहाची फुले रात्री गळू लागतात. उजाडायच्या आत बायका टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. त्या फुलांवर घरातले मीठमिरची, कपडालत्ता निघतो. अस्वलालाही तीच फुले आवडतात आणि तेही त्याच वेळी येते. अंधारात दोघेही खाली वाकलेले. अगदी जवळ येईपर्यंत एकमेकांचा पत्ता लागत नाही. मग अस्वल दचकते, आणि दचकलेले अस्वल माणसाच्या डोक्यावर आणि तोंडावर जाते. चंद्रपूरचे अस्वल कानाशी येते ते सल्ला द्यायला नव्हे. त्याच्या गावातल्या एका म्हाताऱ्याला एकच डोळा आहे. तो अस्वलाला शिव्या देत नाही. "त्याचंबी पोट हाय," एवढेच म्हणतो.

आम्ही पुण्याच्या टेबलावर महिनाभर बेत केला. टोपीचा विचार केला, लेन्सचा केला, आवळासुपारीचासुद्धा केला. ही बाई आणि हा म्हातारा मात्र आमच्या नकाशावर कुठेच नव्हते. माझे भांडण आहे ते एवढ्यावरच.

मेव्हण्यांचा युक्तिवाद असा की, आम्ही जातो म्हणून तिथल्या पोरांना काम मिळते. कबूल. शंभर वेळा कबूल. जरूर जावे, पैसेही मोजून द्यावेत. पण ते जंगलात नेण्याचे असतात. अस्वल हजर करण्याचे नसतात. नाटकाचे तिकीट काढले म्हणून नायिकेच्या मेकअपच्या खोलीत शिरायचा हक्क मिळत नाही. आणि ज्या मुलाची बक्षिसी अस्वल दिसण्यावर टांगलेली असते, त्याला गाडी मागे घ्या म्हणायला किती जड जात असेल, याचा विचार करा. आमचे सहाचे सहा गाईड ओरडले असते आणि आम्ही ऐकले असते, तर ती माउली पाणी पिऊन गेली असती.

शिवाय पुणेकर कायद्याला मानतो, म्हणून कायदाही सांगतो. १९७२ च्या कायद्यात शिकारीची व्याख्या आहे. मारणे आणि पकडणे म्हणजे शिकार हे कोणीही सांगेल. पण पाठलाग करणे, हाकणे, आमिष लावणे आणि यांतल्या कशाचाही नुसता प्रयत्न करणे, हेही त्या व्याख्येत आहे. बंदुकीचा उल्लेखसुद्धा लागत नाही. सहा गाड्यांनी वाट अडवून एका लेकुरवाळीला पाण्यावरून परतवणे यात कुठे बसते, ते वकिलांनी ठरवावे. मला विचाराल, तर मी त्या दिवशी शिकारीलाच गेलो होतो.

निघताना मी गाईडला बक्षिसी दिली. "अस्वल दाखवल्याबद्दल नाही, गाडी मागे घ्या म्हणाल्याबद्दल," असे सांगितले. तो हसला. मेव्हण्यांना ते आवडले नाही. परतीच्या प्रवासात भुसावळपर्यंत ते माझ्याशी बोलले नाहीत.

आता तो फोटो त्यांच्या दिवाणखान्यात लागला आहे. वीत-दीड वीत काळी पाठ, आणि वरच्या कोपऱ्यात पिल्लाचा एक कान. सोसायटीत पहिला नंबर लागला. मोतीबिंदूवाल्यांचे ऑपरेशन झाले आहे. त्यांनी तो पाहून "म्हैस छान आलीय" असे म्हटल्याचे कळते.

परवाच्या रविवारी पोह्यांवर लिंबू पिळता पिळता मेव्हणे म्हणाले, "भाऊजी, पुढच्या वर्षी काश्मीर! दाचीगाम. तिथं हिमालयातलं काळं अस्वल असतं. छातीवर चंद्रकोर!" टेबलावर नवा नकाशा होता आणि त्यावर पेन्सिलीचा गोलही होता.

त्या गोलात कोणकोण राहते हे आधी विचारून या, मग माझी जागा धरा, असे मी त्यांना सांगितले आहे. ते जरा फुरंगटले आहेत. माझे म्हणणे नीट समजून घ्यायला त्यांनी जरूर घरी यावे. मात्र आधी फोन करून, आणि दुपारी एक ते चार सोडून.